शाळेच्या संघाला फुटबॉल कुठला घ्यावा? रबरी, शिवलेला आणि बिनशिवणीचा, तिन्हींची पारख

निकाल आधीच सांगून टाकतो. मुरमाच्या मैदानावर रोज सराव करणाऱ्या शाळेनं सरावाला रबरी आवरणाचे चेंडू घ्यावेत, सामन्यासाठी हातानं शिवलेले पीयूचे (पॉलियुरेथेनच्या मऊसर आवरणाचे) दोन ठेवावेत, आणि बिनशिवणीचा, म्हणजे पॅनल (आवरणाचे तुकडे) तापवून चिकटवलेला महागडा चेंडू दुकानातच राहू द्यावा. हे मत कोल्हापूर, कागल, गडहिंग्लज, आजरा या पट्ट्यातल्या हायस्कूलच्या संघांना डोळ्यांसमोर ठेवून दिलं आहे. हिरवळीचं किंवा टर्फचं (कृत्रिम गवताचं) मैदान रोज मिळत असेल तर हिशेब थोडा बदलतो, ते ओघात येईलच.

या भागात फुटबॉलचं वेड किती आहे हे वेगळं सांगायला नको. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब असे पेठापेठांचे संघ कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर उतरले की अख्खं गाव तिकडे वळतं. गडहिंग्लजला दिवाळीच्या सुट्टीत बाहेरगावचे संघ येतात. २०१७ साली भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. पण शाळकरी पोरांच्या वाट्याला रोज येणारं मैदान स्टेडियमसारखं नसतं. शाळेमागचा मुरूम, मधे कबड्डीची आखणी, एका कडेला खडी, आणि गवत उगवतं ते फक्त पावसाळ्यात. त्यात शालेय स्पर्धा आणि सुब्रतो कप या शाळांच्या देशपातळीवरच्या स्पर्धेच्या तालुका-जिल्हा पातळीवरच्या फेऱ्या ऐन पावसाच्या दिवसांत येतात. कोल्हापुरातल्या गांधी मैदानासारख्या सखल जागी तर तेव्हा पाणीच साचलेलं असतं. म्हणजे एकाच चेंडूला दिवाळीपासून मेपर्यंत मुरमाची घासणी सोसायची आणि जूनपासून चिखलपाणी. जाहिरातीतले चेंडू यांपैकी कशासाठीच केलेले नसतात. म्हणून चेंडूची पारख करताना दोनच प्रश्न विचारायचे: घासला की काय होतं, आणि भिजला की काय होतं?

नंबराचं आधी उरकून घेऊ. पाचवी ते सातवीच्या मुलामुलींना ४ नंबरचा चेंडू, आठवीपासून पुढे ५ नंबरचा. ४ नंबरचा घेर साधारण ६३.५ ते ६६ सेंटीमीटर आणि वजन ३५० ते ३९० ग्रॅम असतं. ५ नंबरचा घेर ६८ ते ७० सेंटीमीटर, वजन ४१० ते ४५० ग्रॅम. पैसे वाचवायला सगळ्यांना ५ नंबरच देणाऱ्या शाळा पुष्कळ आहेत. त्यानं लहान मुलं पायाच्या पुढच्या टोकानं ढकलायला शिकतात, आणि ती सवय नववीत मोडता मोडत नाही. १४ वर्षांखालील स्पर्धेत कुठल्या नंबरचा चेंडू वापरणार हे संयोजकांना आधी विचारून ठेवा आणि शेवटचे १५ दिवस त्याच नंबरवर सराव घ्या. फुटसालचा (छोट्या मैदानावरच्या पाच-पाच जणांच्या फुटबॉलचा) चेंडूही ४ नंबरचाच म्हणून विकतात, पण तो मुद्दाम कमी उसळणारा केलेला असतो. चुकून तो उचलू नका.

आता रबरी चेंडू. याचं बाहेरचं आवरण रबराचं, खडबडीत दाण्यांचं. काही साच्यात भाजून काढलेले असतात: आत ब्लॅडर (हवेची पिशवी), त्यावर नायलॉनच्या दोऱ्याचे वेढे, वर रबराचा थर, आणि पॅनलच्या रेषा नुसत्या उमटवलेल्या. काही खरोखर शिवलेले पण रबरी कापडाचे असतात. जालंधरच्या फ्रीविल स्पोर्ट्सचा निव्हिया स्टॉर्म हा या वर्गातला सगळीकडे मिळणारा ३२ पॅनलचा चेंडू. कोस्को आणि व्हेक्टर एक्सचेही या दर्जाचे चेंडू तालुक्याच्या दुकानात सापडतात. किंमत साधारण ४५० ते ७५० रुपयांच्या घरात, दुकानागणिक कमीजास्त.

मुरमावर याला तोड नाही. दाणे झिजून आवरण गुळगुळीत होतं, पण फाटत नाही. साच्यातल्या रबरी चेंडूला शिवणच नसल्यानं पाणी आत जायला वाट नसते. चिखलातून काढला, ओल्या फडक्यानं पुसला की झालं. खोट एकच, पण मोठी आहे: तो टणक असतो आणि पायाला लागून लांब उडतो. पहिल्याच स्पर्शाला चेंडू पायात मरायला हवा, तिथे तो हातभर पुढे जातो. वर्षभर फक्त रबरीवर खेळलेला संघ स्पर्धेत पीयूच्या चेंडूवर उतरला की पहिली १० मिनिटं सगळे पास आखूड पडतात. कारण उघड आहे. रबरी चेंडूला जेवढा जोर लागतो तेवढ्याच जोरात मऊ चेंडू मारला तर तो तेवढा जात नाही. म्हणून सामन्याच्या आधीचे दोन-तीन आठवडे तरी पीयूवर सराव हवाच. आणि हेडिंगचा, म्हणजे डोक्यानं चेंडू मारण्याचा सराव रबरी चेंडूवर अजिबात घेऊ नये. टणक चेंडू कपाळावर आदळला की पोरं डोळे मिटून मान चोरायला शिकतात, आणि हेडिंगमध्ये नेमकी हीच दोन कामं करायची नसतात.

साच्यातल्या चेंडूचा आणखी एक दोष उशिरा कळतो. आतले नायलॉनचे वेढे एका जागी तुटले की तिथे फुगवटा येतो. असा चेंडू दुरुस्त होत नाही. तो लहान मुलांना खेळायलाही देऊ नका, फुगवट्याची जागा कधीही फुटते.

हातानं शिवलेला पीयूचा चेंडू हा आमच्या मते शाळेच्या पैशाला सगळ्यात जास्त मोल देणारा. पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचं मऊसर आवरण. खाली सुती-पॉलिएस्टर अस्तराचे थर, आत ब्लॅडर. जुन्या घडणीत १२ पंचकोनी आणि २० षटकोनी असे ३२ पॅनल, आणि त्यांच्यात ९० शिवणी. प्रत्येक शिवण उलट्या बाजूनं, मेणावलेल्या पॉलिएस्टर दोऱ्यानं, दोन सुयांनी घातलेली. फाळणीनंतर सियालकोटहून आलेल्या कारागिरांनी हे काम जालंधरला रुजवलं. आजही देशातले चांगले शिवलेले चेंडू बहुतेक तिथलेच, काही मेरठचे. साधारण ९०० ते १,८०० रुपयांत शाळेला पुरेसा चेंडू मिळतो.

या वर्गात फसवणूकही सगळ्यात जास्त, कारण 'शिवलेला' म्हणून यंत्रशिलाईचा आणि 'पीयू' म्हणून पीव्हीसीचा, म्हणजे स्वस्त प्लास्टिकचा चेंडू सर्रास खपवला जातो. ओळखायचं असं. चेंडूत पूर्ण हवा भरायला सांगा. मग एका शिवणीच्या दोन बाजूंना दोन्ही अंगठे ठेवा आणि पॅनल एकमेकांपासून दूर ताणा. हातशिलाईच्या चांगल्या चेंडूत फट केसाएवढी उघडते आणि लगेच मिटते. दोरा दिसतो न दिसतो इतकाच. फटीत दोरा स्पष्ट दिसत असेल तर शिवण सैल आहे, आणि मुरमाचा बारीक खडा तिथेच शिरून दोरा कापणार. यंत्रशिलाईत शिवण उथळ असते. पॅनलमधली दरी कमी, आणि अस्तर पातळ असल्यानं दाबल्यावर बोटाला आतला ब्लॅडर जाणवतो. मग आवरण. अंगठ्याचं नख टेकवून हलकं दाबा आणि सोडा. पीयूवरचा व्रण भरून येतो. पीव्हीसीवर पांढरट रेघ राहते, वर प्लास्टिकच्या नव्या चपलेसारखा उग्र वास. पीव्हीसी उन्हात कडक होतो, आणि पावसाळ्यानंतर त्याचे पापुद्रे निघायला लागतात.

मुरमावर पीयूचा चेंडू रोज वापरला तर आधी जातो तो शिवणीजवळचा काठ. पॅनलचा मधला भाग शाबूत असतो, पण काठावरचा रंग उडतो, मग अस्तराचे सुती धागे दिसू लागतात. हे धागे दिसले की तो चेंडू पावसाळी सामन्याला बाद समजावा. तिथून पाणी आत ओढलं जातं. फुटबॉलची जागतिक संघटना फिफा, तिच्या चाचणीत सगळ्यात वरच्या 'क्वालिटी प्रो' दर्जाच्या चेंडूनं जास्तीत जास्त १० टक्के आणि त्याखालच्या 'क्वालिटी' दर्जाच्या चेंडूनं १५ टक्के पाणी शोषलं तरी चालतं. ४३० ग्रॅमच्या चेंडूला १५ टक्के म्हणजे ६५ ग्रॅमच्या आसपास वजन वाढलं. झिजलेल्या स्वस्त चेंडूला अशी काही मर्यादाच राहत नाही. दुसऱ्या हाफात गोलकिक मध्यरेषेपर्यंत पोचत नाही तेव्हा दर वेळी पोरगं दमलेलं नसतं. चेंडू उचलून बघा.

ब्लॅडर लॅटेक्सचा की ब्युटाइलचा हेही विचारावं. लॅटेक्सचा चेंडू पायाला जिवंत लागतो, उसळी छान, पण दोन-तीन दिवसांत हवा कमी होते. ब्युटाइलचा थोडा जड वाटतो, पण हवा आठवडेच्या आठवडे धरतो. जिथे एकाच क्रीडाशिक्षकाला कबड्डी, खो-खो, अॅथलेटिक्स आणि फुटबॉल सगळं बघायचं असतं, तिथे ब्युटाइलच घ्यावा. लॅटेक्स घेतला तर रोज हवा तपासायचं काम एखाद्या मुलाकडे कायमचं सोपवा, नाहीतर निम्मा सराव पिचपिचीत चेंडूवर होतो.

बिनशिवणीच्या चेंडूचं कौतुक टीव्हीमुळे झालं. २००६ च्या विश्वचषकात आदिदासनं १४ पॅनलचा, उष्णतेनं जोडलेला चेंडू आणला. २०२६ च्या विश्वचषकाचा ट्रायोंडा तर चारच पॅनलचा आहे. हिरवळीवर हे चेंडू अप्रतिम. गोलाई काटेकोर, पाणी जवळजवळ पीतच नाहीत, आणि फिफा क्वालिटी प्रो शिक्क्याचे बरेच चेंडू याच पद्धतीचे. टर्फवर खेळणाऱ्या पुण्या-मुंबईच्या अकादमींनी जरूर घ्यावेत. मुरमावर मात्र पॅनलचा जोड खड्यानं एकदा उचकटला की तिथून कातडं सोलल्यासारखं निघत जातं. शिवणार काय, जोडच चिकटवलेला. बाजारातल्या चिकटद्रवानं लावलेला तुकडा कडक होतो आणि चेंडू त्या बाजूला वाकडा धावतो. अडीच-तीन हजारांना एक असा चेंडू घेण्याऐवजी तेवढ्यात दोन चांगले शिवलेले येतात.

विश्वचषकाच्या नक्षीचे जे चेंडू पोरं हट्टानं मागतात ते मूळ सामन्याचे नसतात. त्याच नक्षीत खालच्या दर्जाचे, यंत्रानं शिवलेले चेंडू कंपनी स्वतःच विकते, आणि रस्त्यावर मिळतात त्या त्यांच्याही नकला. खेळायला घ्यायला हरकत नाही, संघाच्या पैशातून मात्र घेऊ नयेत. चेंडूवर 'ऑफिशियल', 'इंटरनॅशनल क्वालिटी', 'मॅच बॉल' असं काहीही छापता येतं, त्याला अर्थ नाही. अर्थ आहे तो फिफा बेसिक, फिफा क्वालिटी आणि फिफा क्वालिटी प्रो या तीन शिक्क्यांना. शाळेच्या सामन्याला बेसिक किंवा क्वालिटी पुरे. प्रोचा शिक्का आणि किंमत पाचशे असेल तर तो शिक्का खोटा.

दुकानात जाताना शिंप्याची टेप आणि जमल्यास स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा घेऊन जा. दुकानदार हसला तर हसू दे. टेपनं घेर तीन वेगवेगळ्या दिशांनी मोजा. ५ नंबरच्या चेंडूला तिन्ही आकडे ६८ ते ७० मध्ये हवेत, आणि एकमेकांत एका सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक नको. फरक जास्त म्हणजे चेंडू अंडाकार. वजन बघा. मग चेंडू दोन्ही हातांनी गिरकी देऊन वर फेका. फिरताना तो डुगडुगला तर एका बाजूला जड आहे, बहुधा व्हॉल्व्हच्या बाजूला. शेवटी उसळी. भिंतीवर जमिनीपासून २ मीटरवर खडूनं खूण करा, तिथून चेंडू फरशीवर नुसता सोडा, ढकलू नका. हवा बरोबर असेल तर चांगला चेंडू १२५ ते १५५ सेंटीमीटरपर्यंत उसळतो. प्रो दर्जात खालची मर्यादा १३५ आहे. दहा चेंडू घेणार असाल तर दहाही सोडून बघा. एकाच खोक्यातले दोन चेंडू १५ सेंटीमीटरच्या फरकानं उसळताना दिसतात, आणि असे वेगवेगळे उसळणारे चेंडू सरावात एकत्र वापरले तर गोलकीपरचा अंदाज बसतच नाही.

हवा किती धरतो हे दुकानात कळत नाही. त्यासाठी ७२ तास लागतात. फिफा क्वालिटी दर्जाला तीन दिवसांत २५ टक्के आणि प्रोला २० टक्क्यांपर्यंत घट मान्य आहे. म्हणून बिलावर 'आठ दिवसांत बदलून मिळेल' असं लिहून घ्या. पक्कं बिल शाळेच्या ऑडिटला लागतंच. ऑनलाइन मागवलेला चेंडू घडी घालून, हवा काढून येतो. तो आल्या आल्या पूर्ण फुगवायचा नाही. अर्धी हवा भरून तीन-चार तास सावलीत ठेवायचा, घड्या बसू द्यायच्या, मग उरलेली भरायची. घाई केली की घडीच्या जागचं अस्तर ताणतं आणि चेंडू जन्मभर वाकडा राहतो.

आता हवेबद्दल, कारण आमच्या पाहण्यात चेंडू खेळून जितके जातात त्याहून जास्त चुकीच्या हवेनं जातात. नियमात सामन्याच्या चेंडूला ०.६ ते १.१ अॅटमॉस्फिअर, म्हणजे ८.५ ते १५.६ पीएसआय (पंपाच्या गेजवर दिसणारं दाबाचं माप) एवढा दाब सांगितला आहे. पण तुमच्या चेंडूवर व्हॉल्व्हशेजारी जो आकडा छापलाय तो पाळायचा, बहुतेकांवर ०.६ ते ०.८ बार असतो. म्हणजे साधारण ९ ते साडेअकरा पीएसआय. मुरमावर खालच्या टोकाला, ९ च्या आसपास ठेवा. टणक जमिनीवर जास्त हवेचा चेंडू उड्या मारत सुटतो आणि शिवणींवर ताण येतो. ओल्या गवतात आणि चिखलात चेंडू अडकतो, तिथे ११ पर्यंत न्या. सकाळी सातला गार हवेत भरलेला चेंडू दुपारी उन्हात जास्त टणक होतो. तापमान १० अंशांनी चढलं तर दाब जवळपास पाऊण पीएसआयनं वाढतो. म्हणून सामन्याची हवा सामन्याच्या वेळेलाच तपासा.

अंगठ्यानं दाबून अंदाज घेणं सगळेच करतात, आणि प्रत्येकाच्या अंगठ्याचा जोर वेगळा. काट्याचा गेज (दाब दाखवणारी तबकडी) असलेला पंप घ्या, किंवा वेगळा गेज घ्या. काही शेकड्यांचाच खर्च आहे. सायकलच्या किंवा पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरवर चेंडू कधीही भरू नका. तिथला दाब टायरसाठी असतो, चेंडू दोन सेकंदांत गच्च होतो, आणि शिवणी एकदा ताणल्या की हवा काढूनही त्या मूळ जागी येत नाहीत. घेर मोजला तर ७१-७२ भरतो. असे ताणलेले चेंडू शाळाशाळांच्या कपाटात पडून असतात.

पिन घालताना टोकाला ग्लिसरिनचा किंवा सिलिकॉन तेलाचा एक थेंब लावा. थुंकी लावायची सवय मोडा, ती लगेच सुकते आणि पिन अर्ध्यातच अडते. कोरडी पिन जोरानं दाबली तर व्हॉल्व्हचं रबर चिरतं किंवा अख्खा व्हॉल्व्ह आत ढकलला जातो. पिन सरळ, हळू फिरवत घालायची, आणि पंप करताना चेंडू दुसऱ्यानं धरायचा, म्हणजे पिन वाकत नाही. हवा जाते आहे असं वाटलं तर व्हॉल्व्हवर साबणाच्या पाण्याचा थेंब सोडा. बुडबुडा आला तर दोष व्हॉल्व्हचा. तिथे तेलाचा थेंब टाकून पिन दोन-तीनदा आतबाहेर केली की बऱ्याचदा व्हॉल्व्ह पुन्हा नीट बसतो. बुडबुडा नाही आणि हवा तरी जाते, तर ब्लॅडर गेला.

शिवलेल्या चेंडूचा ब्लॅडर बदलता येतो, आणि त्याचं मोल इथेच कळतं. व्हॉल्व्ह असलेल्या पॅनलच्या शेजारच्या तीन-चार शिवणी उसवायच्या, जुना ब्लॅडर काढायचा, त्याच नंबरचा नवा घालायचा, व्हॉल्व्ह भोकाशी बरोबर जुळवून चिकटवायचा, किंचित हवा भरून गोलाई बघायची, मग मेणाच्या दोऱ्यानं दोन सुयांनी जुन्याच भोकांतून शिवायचं. नवी भोकं पाडली की पॅनल तिथे फाटतो. शेवटचे काही टाके बाहेरूनच घालावे लागतात. तिथे गाठ आत ढकलण्यात खरी कारागिरी. ओळखीचा मोची हे करू शकतो, पण त्याला दोरा तुम्ही द्या. चपलेचा जाड दोरा वापरला तर त्या जागी उंचवटा राहतो आणि चेंडू डुगडुगतो.

पावसात खेळून आल्यावर चेंडू ओल्या फडक्यानं पुसायचा, कोरड्यानं टिपायचा आणि जाळीच्या पिशवीत सावलीत टांगायचा. हौदात बुडवून, धुण्याच्या पावडरीनं घासून, पत्र्यावर उन्हात वाळत घालणं हे तिन्ही वर्ज्य. भिजलेला दोरा बंद कपाटात राहिला तर कुजतो, आणि पुढच्या जूनमध्ये पहिल्याच दिवशी शिवण सुटते. उन्हाळ्याच्या सुट्टीत हवा पूर्ण काढू नका. निम्मी ठेवा.

चेंडूएवढाच विचार बुटांचा व्हायला हवा. इकडे बुटांनाच 'स्टड' म्हणतात आणि पोरांना हवे असतात ते उंच, रंगीत, एफजी शिक्क्याचे. एफजी म्हणजे 'फर्म ग्राउंड', टणक हिरवळीसाठी. त्याचे दहा-बारा उंच खिळे मातीत रुतायला हवेत. मुरमात ते रुतत नाहीत. मग शरीराचा सगळा भार त्या दहा-बारा ठिपक्यांवर येतो आणि तळपायाला, टाचेला मार बसतो. वाढीच्या वयात, साधारण ८ ते १४ वर्षांत, टाचेच्या हाडाची वाढ चालू असते. तिथे सूज येऊन दुखणं हा सेव्हर्स नावानं ओळखला जाणारा त्रास आहे, आणि टणक जमिनीवर टणक खिळ्यांनी तो वाढतो. मूल टाच उचलून चालायला लागलं, टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर कळवळलं, तर त्याला विश्रांती आणि डॉक्टर दोन्ही द्या.

मुरमासाठी टीएफ, म्हणजे टर्फचे बूट घ्या. तळव्याला ढीगभर बारीक रबरी दाणे, भार सगळीकडे वाटला जातो. बुटाची शिलाई पुढच्या टोकाला तळव्यासकट फिरवलेली असेल तर उत्तम. नुसता चिकटवलेला तळवा मुरमावर आधी पुढूनच उघडतो. चिखलाच्या सामन्याला मात्र टीएफ घसरतो, तिथे एफजी बरे. प्रत्येक पोराला दोन जोड परवडत नाहीत हे खरं आहे. तेव्हा शाळेनं पावसाळी सामन्यांपुरते वेगवेगळ्या मापांचे एफजीचे सात-आठ जोड संघाच्या मालकीचे ठेवावेत आणि रोजचे टीएफ मुलांनी घ्यावेत. मोठ्या मापाचा बूट 'पुढच्या वर्षीही होईल' म्हणून घेतला जातो, त्यात पाय पुढे सरकतो, नखं काळी पडतात. अंगठ्यापुढे अर्धा बोट जागा पुरे, आणि माप संध्याकाळी, खेळायचे मोजे घालूनच घ्या.

बाकी सामानाचं थोडक्यात. शिनगार्ड (नडगीवर बांधायच्या ढाली) नियमानं सक्तीचे आहेत आणि मोज्यांनी पूर्ण झाकलेले हवेत. ते उंचीनुसार निवडा, घोट्याच्या वर चार बोटं ते गुडघ्याखाली दोन बोटं एवढं झाकलं पाहिजे. गोलकीपरचे मऊ लॅटेक्सचे ग्लोव्हज मुरमावर एका आठवड्यात सोलतात. सरावाला कडक रबरी तळव्याचे द्या, मऊ सामन्यासाठी ठेवा आणि वापरण्याआधी तळवे थोडे ओले करा, पकड वाढते. मुरमावर डाइव्ह मारणाऱ्या पोराला गुडघ्यावर आणि खुब्यावर पॅड असलेली पूर्ण पँट घेऊन द्या. हा खर्च टाळू नका. कोन (खुणेचे शंकू) आणि बिब (संघ ओळखायची रंगीत जाकिटं) कुठलेही चालतात.

२० मुलांच्या संघाची खरेदी अशी करावी: ६ रबरी, २ शिवलेले पीयू, गेजचा एक पंप, १० पिना, दोन सुटे ब्लॅडर, ग्लिसरिनची बाटली आणि जाळीची मोठी पिशवी. चेंडूंवर कायमच्या शाईनं शाळेचं नाव आणि आणल्याचा महिना लिहा, सामन्याआधीचे दोन-तीन आठवडे सोडले तर पीयूचे दोन मुरमावर उतरवूच नका. पैसे उरले तर तिसरा पीयू घ्या, सातवा रबरी नको. खरेदी मेअखेरीस उरका. जूनमध्ये शाळा उघडल्या की सगळ्यांचीच मागणी एकदम येते, चांगल्या शिलाईचे चेंडू आधी संपतात, आणि जिल्ह्याच्या फेरीला जेमतेम महिना उरलेला असताना दुकानात जे शिल्लक असेल ते उचलावं लागतं.